बुवांची मधली भिंत

ज्या दिवशी भिंतीनं पहिल्यांदा तोंड उघडलं, त्या सकाळी विश्वंभर तारळेकर पोह्यांवर लिंबू पिळत होते.

पोहे होते बँकेच्या तपासनिसासाठी. प्रसन्न मगदूम नावाचा तो तरुण सकाळपासून घरभर भिंती वाचत फिरत होता. त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र होतं. ते भिंतीला टेकवलं की त्यातून बारीक प्रकाश आत शिरायचा, आणि कुठं भेग आहे, कुठं ओल मुरली आहे ते पडद्यावर उमटायचं. भिंतवाचक म्हणत त्याला. अलीकडं भिंतवाचकाच्या दाखल्याशिवाय कुठलीच बँक घरासाठी कर्ज देत नसे.

मिरजेतलं हे बैठं घर विश्वंभररावांनी रेवती बिराजदारला विकायचं ठरवलं होतं. साठेखत झालं होतं, विसार घेतला होता, पेढेही वाटून झाले होते. दाखला आला की कर्ज, कर्ज आलं की खरेदीखत, आणि मग नवरा-बायको सांगलीला लेकीच्या शेजारी, लिफ्ट असलेल्या इमारतीत. या घराचं जोतं उंच आणि नलिनीताईंचे गुडघे संपावर गेलेले. अंगणातल्या पायऱ्यांना त्या रोज नवं नाव ठेवत.

"काका, ही मधली भिंत चुन्याची आहे की हो!" प्रसन्न बाहेरच्या खोलीतून ओरडला. "त्या काळात सगळे सिमेंटच्या मागं लागलेले. तुमच्याकडं चुना कसा?"

"आमचे वडील कीर्तनकार. माधवबुवा तारळेकर. सिमेंटच्या खोलीत आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो म्हणायचे. गवंड्याला हट्टानं चुना मळायला लावला त्यांनी."

"मग ऐकायची का भिंत?"

लिंबाची फोड विश्वंभररावांच्या हातातच राहिली. वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, कुठल्याशा देवळाच्या ओवरीतून जात्यावरचं गाणं निघालं म्हणून, एका जुन्या शाळेच्या भिंतीतून पाढे निघाले म्हणून. पण वर्तमानपत्रातल्या गोष्टी नेहमी दुसऱ्यांच्या घरी घडतात, अशी त्यांची समजूत होती.

"चुना वाळतो म्हणतो आपण, पण खरं तर तो हवा पितो," प्रसन्न यंत्र चिकटवता चिकटवता सांगू लागला. "हवेतला कार्बन वायू पिऊन पुन्हा दगड होतो. पीत असताना जो हादरा बसेल तो त्याच्या कणांच्या रांगेत राहून जातो. आणि आवाज म्हणजे काय, हादराच की! याला आम्ही मुरला नाद म्हणतो. सिमेंटला एवढी अक्कल नाही."

पोहे झाले, जेवण झालं, दुपारचा चहा झाला, नलिनीताईंनी प्रसन्नच्या लग्नाची चौकशीही करून घेतली. मग यंत्रानं बारीक शिट्टी दिली. आधी नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. त्यामागून पाणी पडल्याचा आवाज. आणि पाण्यामागून भरदार, किंचित नाकातला, शेवटचं अक्षर लांबवणारा एक गळा:

"तर मंडळीऽ, देव दाराशी उभा! प्रत्यक्ष देव! आणि आमचे शेटजी आतून म्हणतात, 'थांबा हं देवा, किल्ली सापडत नाही!'"

मग शांतता. कीर्तनकार हशासाठी जेवढी जागा सोडतो तेवढीच. श्रोतेच नाहीत तिथं हसणार कोण? पण त्या मोकळ्या जागेत एक लहान मूल खदखदून हसलं.

"नळी नीट धर रे विसू," भिंत म्हणाली. "देवावर पाणी मारतोस!"

विश्वंभररावांनी बशी खाली ठेवली. ते हसणं त्यांचंच होतं, सात वर्षांच्या विसूचं. नवं घर बांधून होत आलेलं, गिलावा ओला ठेवायला रोज भिंतींना पाणी मारायचं, आणि तेवढ्या वेळात बुवांची कीर्तनाची तालीम चालायची. श्रोता एकटा विसू. त्याला सगळे विनोद आधीच पाठ, तरी जागच्या जागी हसायचं हे त्याचं काम.

माधवबुवांचा आवाज कुठंच उरलेला नव्हता. समोर कुणी टेप काढला की बुवा हातातली झांज खाली ठेवत आणि हसून म्हणत, "माझं कीर्तन डबीत भरून नेऊ नका. पुन्हा या, पुन्हा सांगतो." लोक पुन्हा येत, ते पुन्हा सांगत. मग एका वर्षी बुवाच गेले, आणि 'पुन्हा' हा शब्दच घरातून गेला.

नलिनीताईंनी देवघरातली बुक्क्याची डबी आणली आणि भिंतीला बुक्का लावला. कीर्तनकाराला लावतात तसा, वाकून. सासऱ्यांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

प्रसन्न घरी गेला, पण विश्वंभरराव भिंतीसमोरून हलले नाहीत. ऊन अंगणातून निघून गेल्यावर त्यांनी फोन उचलला.

"रेवती, माफ कर. घर द्यायचं नाही आता."

---

रेवती दुसऱ्या दिवशी स्कूटर पायरीला टेकवून तरातरा आत आली. एके काळी ती इस्पितळात परिचारिका होती. रात्रपाळीच्या मैत्रिणी लेकरांना शेजारणींच्या गळ्यात घालून येतात आणि वॉर्डात उभ्या राहून डोळे पुसतात, हे पाहून तिनं नोकरी सोडून पाळणाघर काढलं होतं. आता ती जागा सोडायची होती. मालक दिवाळीनंतर तिथं गाड्यांचं दुकान काढणार होता. इस्पितळापासून चालत येण्याजोगं, तळमजल्याचं, अंगण असलेलं घर तिला सगळ्या मिरजेत हे एकच मिळालं होतं.

"काका, काय चेष्टा लावलीय? साठेखतावर सही कुणाची आहे?"

"माझीच. पण सही केली तेव्हा भिंत मुकी होती."

"आता बोलती झाली म्हणून भाव वाढवताय?"

"रेवती!" विश्वंभररावांना ते लागलं. "विसार दुप्पट परत देतो. हवं तर जागा शोधायला तुझ्याबरोबर उन्हातान्हात फिरतो. पण ही भिंत नाही देत."

"मला विसार नको, घर हवंय. दुप्पट पैशांवर पोरांना झोपवू का मी?" ती भिंतीकडं वळली. तिच्या हातचं खडूचं फुलीचं चिन्ह दाराच्या कडेला अजून होतं. भिंत तोडायला तिथून सुरुवात करायची होती. नियमच असा होता, की सांभाळणारीला एका जागी बसून सगळी मुलं दिसली पाहिजेत. मधली भिंत राहिली तर परवाना नाही. "बरं, आवाज उतरवून घ्या की. यंत्र आहे, माणूस आहे. मग भिंत कशाला?"

त्याचं उत्तर प्रसन्ननं आदल्या दिवशीच देऊन ठेवलं होतं. एक तळहात भिंत वाचायला अख्खी दुपार लागते आणि निघतात चार-पाच मिनिटं. ज्या जागी पाणी पडे, तिथला चुना तेवढा वेळ हवा प्यायचा थांबे, मग पुढं चाले. त्यामुळं प्रत्येक तळहाताचं घड्याळ वेगळं. कुठं नमन, कुठं आख्यान, कुठं नुसतं खोकणं. अख्खी भिंत ऐकायची तर कित्येक वर्षं जावीत.

"आणि माझ्याकडं दिवाळीपर्यंतच वेळ आहे," रेवती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "काकू, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू बाई," स्वयंपाकघरातून नलिनीताई म्हणाल्या. "सासरे गेले, पण सासुरवास सुटला म्हणून समजू नये. आता भिंतीसाठी पायऱ्या चढायच्या मी. शिवाय एक सांगा, डबीत भरू नका म्हणणारा माणूस. चुन्यात भरलेलं त्यांना चाललं असतं का, हे विचारलं का कुणी?"

रेवती निघून गेली. आठवड्याच्या आत तिच्या वकिलांची नोटीस आली, आणि मग दावा.

दावा होता विशिष्ट पूर्ततेचा, म्हणजे 'पैसे नकोत, ठरलंय ते घरच द्या' असा. साठेखतात लिहिलं होतं, 'घर, त्याच्या भिंती, दारे, खिडक्या व त्यांत कायम असलेल्या सर्व वस्तूंसह.' यावर दोन्ही वकिलांचं असं जुंपलं की कोर्टातले इतर पक्षकार आपली तारीख पुढं गेल्याचं दुःख विसरून बसून राहिले.

"आवाज भिंतीत कायम आहे, सबब तो विकला गेला," रेवतीचे वकील म्हणाले.

"आवाज वस्तू नाही," विश्वंभररावांचे वकील उसळले. "आणि जो आहे हे ठाऊकच नव्हतं तो विकणार कसा? शेत विकल्यावर हंडा सापडला तर?"

"हंडा सापडला तर तो सरकारचा होतो, साहेब!"

"म्हणजे बुवा सरकारजमा करायचे का?" कुणीतरी मागून विचारलं, आणि न्यायाधीशांनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. असा खटला आधी कुठं झालेला नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना मध्यस्थाकडं पाठवलं.

गंमत अशी, की या सगळ्या काळात रेवतीचं घरी येणं थांबलं नाही. नलिनीताईंना तेल लावून गुडघे कसे हलवायचे ते ती शिकवून जाई. विश्वंभररावांशी बोलत नसे. ते तिच्यासाठी चहा टाकत आणि कप मुकाट्यानं तिच्यापुढं सरकवत.

"खटल्यात चहा चालतो का हो?" नलिनीताई विचारत.

"दाव्यात चहाचा उल्लेख नाही," रेवती म्हणे, आणि पिई.

---

मध्यस्थ होत्या शहनाज जमादार. निवृत्त न्यायाधीश, बोलणं तुटक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "पुरावा ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही," असं म्हणून त्या बैठकीला थेट घरीच आल्या. दोन्ही वकील आले, प्रसन्न यंत्र घेऊन आला. नलिनीताईंनी सतरंजी अंथरली.

"खुर्ची आहे ना?" जमादार मॅडमनी विचारलं.

"आहे. पण बुवांपुढं कुणी खुर्चीत बसत नाही," विश्वंभरराव म्हणाले. "आणि मॅडम, कीर्तन सुरू झालं की मधे उठायचं नाही, एवढं पथ्य पाळा."

मॅडम चष्म्यावरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग चपला दाराबाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसल्या. वकीलही बसले, काळ्या कोटांना सुरकुत्या पडणार म्हणून हळहळत.

"कुठला भाग लावू?" प्रसन्ननं विचारलं.

"हा इथं, खिडकीजवळचा," विश्वंभरराव पुढं झाले. "इथं फार गोड निघतं."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आवडीचं निवडणार. जागा ती दाखवेल."

रेवतीनं क्षणभरच विचार केला. ती उठली आणि दाराच्या कडेला, आपल्याच खडूच्या फुलीवर तिनं तळहात ठेवला. "तोडायला इथून सुरुवात करायची होती. मग ऐकायलाही इथूनच करू."

प्रसन्न म्हणाला, "चांगली जागा आहे. गिलावा दाराच्या कडेपासून धरतात. इथलं सगळ्यात आधीचं असणार."

दुपार सरकत राहिली. यंत्र आपलं काम करत होतं, वकील डुलक्या काढत होते. मॅडम नलिनीताईंशी लोणच्याच्या मसाल्यावर बोलत होत्या आणि दोघींचं कुठंच एकमत होत नव्हतं. शेवटी शिट्टी वाजली आणि सगळे सावरून बसले.

खरखर. थापीनं गिलावा मारल्याचा आवाज. मग एक अनोळखी, घोगरा माणूस:

"बुवा, ही भिंत कशाला घालताय मधे? दोन्ही खोल्या आवळल्या की."

"अरे बाबा, मला तरी कुठं हवीय?" माधवबुवांचा गळा, पण आज त्यात कीर्तन नव्हतं, नुसती घरगुती कुरकुर होती. "आमच्या अण्णाचं लग्न ठरलंय, त्याला खोली नको? त्याची बदली झाली की पाडून टाकू. घर कसं सभामंडपासारखं पाहिजे. पन्नास माणसं बसली पाहिजेत. लेकरं पुढं, म्हातारी माणसं भिंतीला टेकून."

"आज बांधायची नि उद्या पाडायची! तुम्हीच विसराल बघा."

"मी विसरलो तर विसू आहे की. काय रे विसू? पाडशील ना ही भिंत? शब्द दे."

"दिला!" एक बारीक आवाज.

"असा कोरडा नाही. टाळी दे."

टाळी वाजली. स्वच्छ, लहान-मोठ्या दोन हातांची. त्यानंतर पाणी, आणि पाण्यात बुडून गेलेलं बुवांचं हसणं.

जमादार मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"तारळेकर," त्या म्हणाल्या, "तुमचे तर दोन करार निघाले. एक मुद्रांकावरचा, एक टाळीवरचा. दोन्ही याच भिंतीचे. आणि दोन्हीतून तुम्हीच मागं फिरलाय."

"हरकत आहे," विश्वंभररावांचे वकील झोपेतून जागे होत म्हणाले. "सात वर्षांच्या मुलाचा करार कायद्यात बसत नाही."

"कायद्यात बसत नाही वकीलसाहेब," विश्वंभरराव हळूच म्हणाले, "पण भिंतीत बसलाय."

अण्णाकाकांची बदली झालीच नव्हती. त्यांची मुलं त्या खोलीत वाढली. बुवा जन्मभर देवळांतून आणि लोकांच्या मांडवांतून कीर्तनं करत हिंडले, स्वतःच्या घरात मात्र त्यांना पन्नास माणसं कधी बसवता आली नाहीत. विसू मोठा झाला, एसटीत लागला, गाड्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता निवृत्त झाला. टाळी तो साफ विसरला होता. तळहाताला मात्र आत्ता, या क्षणी, ती लागल्यासारखी वाटत होती.

ते उठून मागच्या अंगणात गेले. कीर्तन संपलं होतं, त्यामुळं पथ्य मोडलं नाही. जास्वंदीपाशी ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. भिंत पाडली तर आत राहिलेलं सगळं जाईल. नमनं, आख्यानं, अजून न ऐकलेले विनोद, आणि त्या प्रत्येक विनोदाच्या जागी हसणारा विसूही. भिंत ठेवली तर वडील रोज बोलतील. फक्त त्यांनी मागितलेली एकच गोष्ट तेवढी राहून जाईल.

ते परत आले तेव्हा आत वेगळाच गोंधळ चालला होता.

"मी दावा काढून घेते, मॅडम," रेवती डोळे पुसत म्हणत होती. "ते पोरगं कसं हसतंय, कसं बोलतंय, ऐकलंत ना? मी कशी पाडू ती भिंत? बघते मी दुसरी जागा. मिळेल कुठंतरी."

"अजिबात नाही!" विश्वंभरराव दारातूनच ओरडले. "दावा काढायचा नाही. घर तुला घ्यावंच लागेल."

"काका, मला नको."

"नको म्हणजे? साठेखतावर सही कुणाची आहे?"

"माझीच. पण सही केली तेव्हा भिंत मुकी होती!"

"अहो, पुरे!" जमादार मॅडमनी सतरंजीवर हात आपटला. "आतापर्यंत हे देत नव्हते म्हणून भांडलात, आता ही घेत नाही म्हणून भांडणार? मला अजून दोन बैठका आहेत."

विश्वंभरराव रेवतीसमोर खाली बसले. "हे बघ बाळ. मी वडिलांना जपतोय असं मला वाटत होतं. मी जपत होतो माझं हसणं. ते माणूस बिचारं म्हणतंय घर मोकळं कर, लेकरं पुढं बसव. तुझ्याकडं लेकरं आहेत. वडिलांना काय सांगू मी, की लेकरं आली होती, पण मी परत पाठवली?"

उत्तर नलिनीताईंना सुचलं. "आधी चहा," त्या म्हणाल्या, "आणि मग सह्या. आणि वकिलांना आज साखर जास्त, बिचाऱ्यांचा खटला बुडाला."

तडजोडीचा मजकूर मॅडमनी स्वतः सांगितला. खरेदीखत ठरल्याप्रमाणं व्हावं. मधली भिंत पाडावी. उरलेल्या चुन्याच्या भिंतींना रेवतीनं खिळा मारू नये, आणि विश्वंभर तारळेकरांना हयातभर तिथं येऊन भिंती ऐकता याव्यात. शेताला जसा वाटेचा हक्क असतो तसा हा हक्क, पण त्याला कायद्यात नाव नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "लिहा, श्रवणाधिकार." पुढं हा शब्द बऱ्याच घरांच्या कागदांवर आला, पण जन्मला तो मिरजेत, त्या सतरंजीवर.

---

भिंत पाडायच्या दिवशी विश्वंभरराव सांगलीहून पहिल्या गाडीनं आले. पहिला घाव त्यांनीच घातला, खडूच्या फुलीवर. प्रसन्ननं गिलाव्याचे जमतील तेवढे तुकडे अलगद सोडवले होते, फरशीएवढे. काही निघाले, बरेच फुटले. फुटला की विश्वंभरराव डोळे मिटत आणि पुन्हा उघडत. संध्याकाळी मधे काहीच उरलं नाही, आणि मग बाहेरच्या खोलीतला उजेड थेट मागच्या अंगणापर्यंत पोचला. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाचच चालत गेले. पन्नास माणसं बसली असती, सहज.

भिंत जिथं बाजूच्या भिंतींना चिकटली होती तिथं दोन्हीकडं, जमिनीपासून छपरापर्यंत, उघडे पट्टे राहिले. रेवती सिमेंट लावून घेणार होती. विश्वंभररावांनी ऐकलं नाही. चुनाच मळायला लावला, आणि लावून झाल्यावर दम दिला, "ओला ठेवायचा हं. तुला जमायचं नाही, मीच येतो पाणी मारायला."

तेव्हापासून ते रोज दुपारच्या गाडीनं येतात. श्रवणाधिकार कागदावर आहे, पण अजून एकदाही त्यांनी यंत्र लावलेलं नाही. सवडच होत नाही. ते नळी हातात घेतात तोवर मुलं झोपेतून उठून सतरंजीवर येऊन बसलेली असतात, आणि गोष्ट मागतात. जन्मात कधी कीर्तनाला उभे न राहिलेले विश्वंभर तारळेकर मग एक पाय पुढं टाकतात, गळा खाकरतात आणि शेवटचं अक्षर लांबवतात, "तर मंडळीऽ, देव दाराशी उभा!" किल्लीच्या जागी ते थांबतात. पुढं बसलेली मंडळी तिथं अशी हसतात की रेवतीला स्वयंपाकघरातून दूध उतू जाताना कळत नाही.

एकदा प्रसन्न सहज आला होता. तो म्हणाला, "काका, तुमच्या वडिलांना ठाऊक नव्हतं भिंत ऐकतेय ते. तुम्हाला ठाऊक आहे. बोलताना वेगळं वाटत असेल, नाही?"

विश्वंभररावांनी यावर बराच विचार केला. खरंच, ते जरा नीटच बोलू लागले होते. डास मारतानाही शिवी गिळत होते. उद्या सगळ्या घरांच्या भिंती ऐकू लागल्या तर माणसं घरातसुद्धा पाहुण्यासारखी बोलतील काय? गवंड्याशी केलेली ती साधी कुरकुर मग कुणाच्या भिंतीत सापडणार?

पाणी मारता मारता त्यांना दिसलं, की तन्मयी नावाची चार वर्षांची मुलगी नव्या पट्ट्याजवळ गेली आहे. तिची आई त्या आठवड्यात दिवसपाळीला होती. दोन्ही हात तोंडाभोवती धरून, नाक चुन्याला लावून ती काहीतरी कुजबुजत होती. बोलणं बरंच लांबलं. मग नाकाला पांढरा ठिपका घेऊन ती वळली.

"काय सांगितलंस गं भिंतीला?" विश्वंभररावांनी नळी बाजूला धरून विचारलं.

"तुम्हाला नाही सांगणार. भिंतीला सांगितलंय. तुम्ही नंतर ऐका."

सत्तरीचे विश्वंभरराव वाकले आणि आपल्या बोटानं तिच्या नाकावरचा चुना पुसू लागले. मग थांबले, आणि तो तसाच राहू दिला.

"नंतर म्हणजे कधी गं?"